स्टीम इस्त्री: घेताना काय पाहायचं, वापरताना काय सांभाळायचं

घरात पहिल्यांदा स्टीम इस्त्री आली की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. खालून पाणी गळतं, पांढऱ्या शर्टावर पिवळट डाग पडतात, यापेक्षा आपली जुनी साधी इस्त्री बरी. मग नवी इस्त्री माळ्यावर जाते. खरं तर बहुतेक वेळा तिच्यात काहीच बिघडलेलं नसतं. तापमान ठरवणारी चकती कमीवर असताना वाफ चालू ठेवलेली असते, नाहीतर टाकीत बोअरचं खारट पाणी भरलेलं असतं. पाणी आणि तापमान या दोन गोष्टी नीट समजल्या की चांगली इस्त्री वर्षानुवर्षं साथ देते. म्हणून खरेदीबद्दल सांगतानाच या दोन्हींवर मी जास्त भर देणार आहे.

वाफ नेमकं काय करते

सुती कापडाची सुरकुती नुसत्या उष्णतेने जात नाही. कापसाच्या तंतूंमधले रेणू एकमेकांना धरून असतात. पाणी मिळालं की ती पकड सैल होते आणि कापड वाळताना ज्या स्थितीत असेल, त्याच स्थितीत पुन्हा बसते. पिळून तसाच दोरीवर टाकलेला कुर्ता वाळल्यावर चुरगळलेला राहतो तो यामुळेच. तोच कुर्ता झटकून, शिवणी ओढून वाळत घातला तर इस्त्रीचं अर्धं काम दोरीवरच होऊन जातं.

वाफ हे पाणी कापडात आतपर्यंत पोचवते आणि इस्त्रीचा गरम तळ कापड दाबून ते पाणी उडवून लावतो. ही दोन्ही कामं पूर्ण व्हायला हवीत. कापड वाफेने दमट असतानाच उचललं, तर हँगरला लावेपर्यंत चुण्या परत दिसू लागतात. नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त इथेच गडबड होते: वाफ भरपूर दिली जाते, पण शेवटचा कोरडा हात फिरवायचा राहतो.

गल्लीतले इस्त्रीवाले काका पाणी शिंपडून इस्त्री करतात, तेही याचसाठी. शिवाय त्यांची कोळशाची इस्त्री घरगुती इस्त्रीच्या कितीतरी पट जड असते. त्या वजनाचा दाब आपल्याला घरी मिळत नाही, ती कसर वाफ भरून काढते.

पॉलिस्टरचं गणित निराळं आहे. ते साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि थंड होताना जो आकार असेल तो धरतं. त्याला वाफेची फारशी गरज नसते, पण इस्त्री झाल्यावर गरम असतानाच घडी घातली तर तीच मोड पक्की बसते.

यावरून स्टीम इस्त्री तुम्हाला हवी की नको हेही ठरवता येईल. घरात सुती साड्या, कुर्ते, लिननचे शर्ट, जीन्स, पडदे असं जाड आणि चुरगळणारं कापड जास्त असेल तर स्टीम इस्त्रीच घ्या. आठवड्याला टेरिकॉटचे दोन-तीन शर्ट एवढाच व्याप असेल, तर साधी हलकी इस्त्री आणि पाण्याची फवारणीची बाटली पुरते. कपडा हँगरवर टांगूनच वाफ मारायचा हातातला स्टीमर जॉर्जेट, शिफॉन आणि भरतकामाच्या ड्रेसला फार छान, पण त्याने शर्टाची कॉलर कडक होत नाही आणि पॅंटची घडी धारदार येत नाही. तो इस्त्रीची जागा घेईल या आशेवर घेऊ नका.

दुकानात जाण्याआधी घरातला सॉकेट बघा

आपल्याकडे भिंतीवर दोन तऱ्हेचे सॉकेट असतात, ६ अँपिअरचा छोटा आणि १६ अँपिअरचा मोठा. घरातली वीज २३० व्होल्टची. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट, छोट्या सॉकेटची मर्यादा एवढीच. बाजारातल्या स्टीम इस्त्र्या साधारण १२०० पासून २४०० वॉटपर्यंतच्या असतात, म्हणजे त्यातल्या बऱ्याच मोठ्या सॉकेटवरच चालवायला हव्यात. भाड्याच्या घरात मोठे सॉकेट बहुधा स्वयंपाकघरात, गिझरपाशी नाहीतर एसीपाशीच असतात. तुम्ही इस्त्री कुठे करणार, तिथे मोठा सॉकेट आहे का, हे बघून मगच वॉट ठरवा.

मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारे कन्व्हर्टर मिळतात. इस्त्रीसाठी ते वापरूच नका. मोबाईल चार्जरसाठीच्या एक्स्टेंशन बोर्डवरही इस्त्री लावू नका. बोर्डाची वायर गरम होते, आतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि आग लागू शकते. छोटाच सॉकेट असेल तर १२००-१३०० वॉटची, मुळातच छोटी पिन असलेली इस्त्री घ्या. ती तापायला आणि वाफ धरायला जरा वेळ घेईल, एवढाच फरक. मोठा सॉकेट हाताशी असेल तर मात्र १६०० वॉट किंवा त्यापुढची घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण वाफ सोडताना तळ थंड पडत जातो आणि तो पटकन परत तापायला ताकद लागते. वीजबिलाची धास्ती नको. १६०० वॉटची इस्त्री अर्धा तास सलग तापत राहिली तरी ०.८ युनिट होतं, आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट वीज मधूनमधून बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच.

शिकायला किंवा नोकरीसाठी अमेरिकेला निघालेल्यांनी घरची इस्त्री बॅगेत भरू नये. तिथे १२० व्होल्ट असतात. आपली २३० व्होल्टची इस्त्री तिथे जेमतेम पाव ताकदीने तापेल. इंग्लंडला मात्र व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त पिन बदलते.

दुकानात

आयएसआयची खूण आधी बघा. विजेच्या इस्त्रीसाठी ती आपल्याकडे सक्तीची आहे. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या बिनखुणेच्या इस्त्रीचा मोह टाळा.

मग इस्त्री हातात घ्या. टाकी भरल्यावर तिचं वजन आणखी वाढतं, तेव्हा रिकामी असतानाच मनगटाला जड वाटत असेल तर ती तुमच्यासाठी नाही. मुठीचा आकार हाताला बसतो का, अंगठा वाफेच्या बटणापर्यंत सहज पोचतो का, हे दुकानातच करून बघा. टोक निमुळतं हवं, नाहीतर बटणांच्या मधली जागा आयुष्यभर चुरगळलेलीच राहते.

तळाला दुकानात सोलप्लेट म्हणतात. नॉनस्टिक, सिरॅमिक आणि स्टील हे मुख्य प्रकार. नॉनस्टिक सहज सरकतो, पण झिप किंवा धातूच्या बटणावरून गेला की चरे पडतात. सिरॅमिकवर उष्णता सारखी पसरते, मात्र इस्त्री आपटली तर कपचा उडू शकतो. स्टील टिकाऊ, साफ करायलाही बरं, फक्त त्यावर खळ चिकटते म्हणून वरचेवर पुसावं लागतं. घरात जीन्स, बटणं, झिपा यांचाच कारभार जास्त असेल तर मी स्टील किंवा सिरॅमिक घेईन.

वाफेचा आकडा दर मिनिटाला किती ग्रॅम असा खोक्यावर लिहिलेला असतो. साध्या कामाला २० च्या आसपास पुरे, जाड सुती आणि लिननला ३० च्या पुढे हवा. टाकी २०० मिलिलिटरच्या खाली असेल तर दर तीन-चार कपड्यांनी पाणी भरत बसावं लागेल.

बाकी सोयींमध्ये दोन गोष्टींसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. एक म्हणजे ठिबक रोखणारी रचना. तळ पुरेसा तापलेला नसेल तेव्हा ती पाण्याचा मार्ग बंद करते. दुसरी, इस्त्री हलली नाही की आपोआप बंद होण्याची सोय. आडवी राहिली तर साधारण अर्ध्या मिनिटात आणि उभी ठेवली तर काही मिनिटांत ती बंद होते. घरात लहान मूल असेल किंवा सकाळच्या घाईत दाराची बेल वाजली की तुम्ही उठून जात असाल, तर ही सोय नसलेली इस्त्री घेऊच नका. वायर गोल फिरणारी आणि निदान पावणेदोन-दोन मीटर लांब हवी.

टाकीत कोणतं पाणी

मुंबईसारख्या शहरात धरण-तलावांचं पाणी येतं, ते तुलनेने मऊ असतं. बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत, मराठवाड्यातल्या कित्येक गावांत पाण्यात क्षार भरपूर असतात. ओळखायची खूण सोपी आहे: नळाच्या तोंडाशी किंवा पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी इस्त्रीत जसंच्या तसं घालू नका. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार आतच राहतात. वाफेच्या बारीक भोकांत ते साठतात आणि एक दिवस पांढरे-तपकिरी कण होऊन शर्टावर पडतात.

अशा ठिकाणी आरओचं पाणी वापरा, किंवा साधं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं करा. पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिकेत हेच प्रमाण सांगितलेलं असतं, पण तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर ते ऐका. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध दिसतं, तरी त्यात धूळ आणि बुरशी असते, ते नको. अत्तर, गुलाबपाणी, खळ, कपडे मऊ करणारी द्रावणं, यातलं काहीही टाकीत घालू नका. सुवास हवा असेल तर कपाटात वाळा ठेवा.

पाणी भरताना पिन काढलेली हवी, वाफेची कळ बंद हवी आणि कमाल खुणेच्या वर थेंबभरही नको. नव्या इस्त्रीचा पहिला हात जुन्या चादरीवर फिरवा. कारखान्यातली धूळ, थोडा वास किंवा धूर सुरुवातीला येतो, तो चांगल्या कपड्यावर का घालवायचा?

ठिपक्यांची भाषा

कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीचं चित्र आणि त्यात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश: नायलॉन, अ‍ॅक्रिलिक. दोन म्हणजे १५० च्या आसपास: पॉलिस्टर, रेशीम, लोकर. तीन म्हणजे २०० च्या आसपास: सुती, लिनन. चित्रावर फुली असेल तर इस्त्री नकोच. चिठ्ठीवरचं सांगणं या ढोबळ यादीच्या वर मानायचं.

आता पाणी गळण्याचं कोडं. पाण्याची वाफ व्हायला तळ १०० अंशांच्या बराच वर हवा. एका ठिपक्यावर वाफ चालू ठेवली तर पाणी तसंच खाली येतं आणि कपड्यावर ओला डाग पडतो. वाफ नेहमी दोन ठिपक्यांपासून पुढे वापरा, आणि भरपूर वाफ हवी असेल तर तीनवर. इस्त्रीवरचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे तळ पुरता तापेपर्यंत, वाफेची कळ उघडू नका. वाफेचा झोत मारायचं बटण लागोपाठ दाबत राहिलं तरी तळ थंड होऊन ठिबक सुरू होते. दोन झोतांच्या मध्ये काही सेकंद जाऊ द्या.

कामाचा क्रम यावरूनच ठरतो. कमी तापमानाचे कपडे आधी, सुती शेवटी. तळ पटकन तापतो, थंड व्हायला मात्र बराच वेळ जातो, आणि दोन सुती शर्टांच्या मागोमाग हाती आलेला नायलॉनचा दुपट्टा क्षणात तळाला चिकटतो. दुपट्टा कशाचा आहे याची खात्री नसेल तर इस्त्री एका ठिपक्यावर ठेवून आतल्या शिवणीवर फिरवून बघा.

शर्ट

टेबलावर जाड सुती चादर दुहेरी अंथरा. गादीवर इस्त्री करू नका, खाली दाब मिळत नाही आणि वाफेचा दमटपणा गादीत जिरतो. शर्ट किंचित दमट असला तर उत्तम, पूर्ण वाळला असेल तर पाणी फवारून गुंडाळून दहा मिनिटं ठेवा.

कॉलर आधी, तिची आतली बाजू वर घेऊन. टोकाकडून मध्याकडे या, कारण मध्यातून टोकाकडे गेलात तर कापड पुढे ढकललं जातं आणि टोकाशी बारीक चुणी अडकते, जी सगळ्यांना दिसते. मग उलटून वरची बाजू. त्यानंतर खांद्याची पट्टी टेबलाच्या कोपऱ्यावर चढवून, मग कफ, मग बाह्या. बाही टेबलावर ठेवल्यावर खालची शिवण बोटांनी ताणून सरळ करा आणि तळहाताने कापड पसरवून घ्या. खालच्या थरातली एक वळी राहिली तर ती इस्त्रीने पक्की होते. मग पुढच्या दोन बाजू, शेवटी पाठ. बटणांच्या मधून टोक फिरवा, बटणांवरून नाही. प्रत्येक भागावर आधी वाफेचा हात, मग वाफ बंद करून एक सावकाश कोरडा हात.

झालेला शर्ट वरचं बटण लावून हँगरवर पाच-दहा मिनिटं राहू द्या, मग घालायचा तर घाला, घडी घालायची तर घाला.

पॅंटच्या दोन्ही पायांच्या शिवणी एकावर एक जुळवल्या की पुढची घडी आपोआप जागेवर येते. गडद रंगाची पॅंट उलटी करून, किंवा वर पातळ सुती फडकं टाकून इस्त्री करा. थेट तळ लागला की गुडघ्यावर आणि खिशाच्या कडेला चकाकी येते आणि ती सहसा जात नाही.

साडी, जर, लोकर

सुती साडीला, मग ती इरकल असो की नारायणपेठ, दोन माणसं लागतात. साडी लांबीत दुहेरी करायची, दोघांनी दोन टोकं धरून काठ ताणायचे, मग टेबलावर घेऊन काठापासून सुरुवात. काठ आणि मधलं अंग यांची वीण वेगळी असते, म्हणून काठ आकसलेला राहिला तर साडी नेसल्यावर निऱ्या एका रेषेत पडत नाहीत. खळ दिलेली साडी दमट असतानाच, वाफ बंद ठेवून करा. खळ पुरती मुरली नसेल तर ती तळाला चिकटून तपकिरी होते आणि पुढच्या कपड्याला लागते.

पैठणी आणि जरीच्या इतर साड्यांवर थेट वाफ नको. पाण्याचे थेंब पडले की रेशमावर वळ उमटतात. उलट्या बाजूने, मलमलचं कोरडं फडकं वर घालून, मंद तापमानावर, हलक्या हाताने. एका जागी इस्त्री थांबू देऊ नका. आणि या साड्यांची घडी वर्षातून दोनदा-तीनदा बदला, एकाच घडीवर जर चिरते.

लोकरीच्या कोटाला किंवा शालीला तळ टेकवायचा नाही, वर दमट फडकं टाकून इस्त्री उचलून-ठेवून दाबायची, घासायची नाही. घासल्याने लोकर ताणते.

पावसाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि मुंबईत कपडे दोरीवर तीन दिवस राहिले तरी पुरते वाळत नाहीत. अशा वेळी मुलांचे गणवेश इस्त्रीनेच वाळवले जातात. किंचित दमट कपड्याला हरकत नाही, ओल्याचिंब कपड्यावर विजेची इस्त्री फिरवू नका. टाकी रिकामी ठेवा, कापडात पाणी आहेच. इस्त्रीनंतर गणवेश पंख्याखाली टांगा. गरम दमट कपड्याची घडी कपाटात गेली की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो.

निगा

काम संपलं की पिन काढा आणि तळ गरम असतानाच टाकीतलं पाणी ओता, उरलेला ओलावा आतल्या उष्णतेने उडून जातो. इस्त्री उभी करून थंड होऊ द्या, मगच वायर गुंडाळा, तीही सैल. गरम तळाभोवती घट्ट गुंडाळलेली वायर मुठीपाशी लवकर तडकते.

आतून साफ करायची सोय असेल तर महिन्यातून एकदा, खारं पाणी असेल तर पंधरा दिवसांनी वापरा. टाकी भरा, इस्त्री सर्वात जास्त तापमानावर तापवा, पिन काढा, मोरीवर किंवा बेसिनवर आडवी धरून साफसफाईचं बटण दाबून ठेवा आणि हळूहळू पुढे-मागे हलवा. उकळतं पाणी, वाफ आणि पांढरे कण बाहेर येतील, तेव्हा हात आणि चेहरा लांब ठेवा. नंतर जुन्या फडक्यावर फिरवून तळ कोरडा करा. पुस्तिकेत सांगितलं नसेल तर व्हिनेगर टाकीत घालू नका, आतले धातूचे भाग आणि रबर त्याने खराब होऊ शकतात.

तळाला काही चिकटलं असेल तर इस्त्री कोमट असताना ओल्या सुती फडक्याने पुसा. निघालं नाही तर पूर्ण थंड झाल्यावर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून हलकेच चोळा आणि वाफेच्या भोकांत पेस्ट जाणार नाही हे बघा. चाकू, तारेची घासणी, जाडं मीठ यांनी नॉनस्टिक तळ कायमचा जातो. गरम तळावर तापाची गोळी घासायचा उपाय सगळीकडे फिरतो. मी तो सुचवणार नाही: धूर नाकात जातो, बोटं तळाच्या अगदी जवळ येतात.

पिवळे डाग मात्र दर वेळी इस्त्रीमुळेच पडतात असं नाही. साबण नीट निघाला नसेल तर तोही उष्णतेने पिवळा पडतो. टाकी रिकामी करून, तळ पुसून कोरड्या इस्त्रीने जुन्या पांढऱ्या फडक्यावर आणि त्याच शर्टावर हात फिरवून बघा. फडकं स्वच्छ राहिलं आणि शर्टावर डाग उमटला, तर शर्ट आणखी एकदा खळबळून काढा.

भाजलं किंवा झिणझिण्या आल्या तर

वाफ लागलेली दिसत नाही, पण ती खोल भाजते. लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली भाग २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही नको. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, डोळे अथवा लहान मुलाला भाजलं असेल तर थेट डॉक्टरांकडे. अंगावर घातलेल्या कपड्यावर उभ्याने वाफ मारायची सवय असेल तर ती आजच सोडा.

इस्त्रीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. चप्पल घालून काम पुढे रेटू नका. सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि वायर मुठीत शिरते तिथे वाकवून तडा दिसतो का बघा. तडा असेल तर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, अर्थिंगसह तीन तारांची, तेवढ्याच अँपिअरची नवी वायर सर्व्हिस सेंटरमधून बसवून घ्या.